काटा आणि आकडा

मी पोटापाण्यासाठी काटे काढते. मराठीत हे वाक्य जरा धोक्याचं आहे, म्हणून लगेच खुलासा करते. पुण्यातल्या एका कंपनीत मी विमानाच्या कॉकपिटमधल्या पडद्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. वैमानिकासमोर वेग, उंची, विमानाचा कल, इंजिनाची स्थिती दाखवणारी जी चित्रं उमटतात, त्यांतला एक छोटा तुकडा आमच्या टीमकडे असतो. त्यात काटे असतात. ते मी काढते, म्हणजे रेखाटते.

पण दुसरा अर्थही अगदीच चूक नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत माझ्या व्यवसायानं कॉकपिटमधल्या खऱ्या, धातूच्या, काचेमागे थरथरणाऱ्या काट्यांचा काटा काढला. आणि मग त्यांच्याच जागी, पडद्यावर, पुन्हा काटेच काढले. असं का झालं, याचा विचार मी नोकरीला लागल्यावर बरेच दिवस केला नव्हता. तो करायला लावला माझ्या वडिलांनी, आणि त्यांनी आयुष्यात कॉकपिट पाहिलेलं नाही.

---

जालन्यात वाढलेल्या माणसाला 'काटा' म्हटलं की आधी घड्याळ आठवत नाही, वजन आठवतं. कापसाच्या, मोसंबीच्या, सोयाबीनच्या हंगामात अख्खा बाजार काट्यावर उभा असतो. 'काट्यावर ये', 'काटा झाला का?', आणि शेतकऱ्याच्या तोंडी कायम असलेलं 'काटा मारला'. तराजूच्या दांडीवरचा काटा मधोमध आला का, हे पूर्वी विकणारा आणि घेणारा दोघंही डोळ्यांनी बघत. नंतर इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यांत काटा नाहीच, लाल आकडे आहेत. तरी नाव काटाच राहिलं, आणि 'काटा मारला' हा संशयही राहिला. फरक एवढाच पडला की आधी माल कुठे अडकवलाय, दांडीला कुणाचा हात लागलाय हे निदान दिसायचं. आता आकडा दिसतो, त्याच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही.

विमानाच्या उपकरणांबद्दलचा सगळा वाद थोडक्यात हाच आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझे पप्पा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये पॅनेलवर आहेत. आयटीआय इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, तीस वर्षं होत आली. जालन्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते: आमच्या गावाची ओळख बियाणं आणि लोखंड. भट्टीतून लालभडक बिलेट बाहेर येतं, रोलच्या एकामागून एक जोड्यांतून दाबलं जातं, बारीक आणि लांब होत जातं, आणि शेवटी सळई होते. बिलेट रोलमध्ये शिरलं की मोटरवर लोड येतो. पॅनेलवरच्या ॲमीटरचा काटा झेपावतो, आणि माल बाहेर पडला की खाली येतो. दिवसभर हेच.

या झेपावण्यातून पप्पांना मिल कळायची. बिलेट पुरेसं तापलेलं नसेल तर काटा नेहमीपेक्षा वर जाई आणि उतरताना रेंगाळे. गाईड सरकला असेल तर वर गेल्यावर थरथरे. भट्टीवरच्या माणसाला ते हातानं खूण करत, आणि मिसरोल होऊन लाल सळई वेडीवाकडी उडायच्या आत माल थांबे. यासाठी ते काट्याकडे टक लावून बसत नसत. गप्पा चालू असत, चहा चालू असे. नजरेच्या कडेला काटा असे, तेवढं पुरे.

काही वर्षांपूर्वी मिलमध्ये पीएलसी बसलं, संगणकाचा पडदा आला, ॲमीटर निघाले. त्यांच्या जागी चौकोनी खिडकीत आकडे. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी उत्साहानं विचारलं, आता सोपं झालं असेल ना? पप्पा म्हणाले, "काटा दिसतो गं. आकडा वाचावा लागतो."

एर्गोनॉमिक्सच्या पुस्तकांत हे वाक्य प्रकरणभर पसरलेलं असतं. लोड बदलत असताना आकडा सारखा बदलतो. 412, 388, 540, 495. यातला प्रत्येक आकडा खरा असतो, पण डोळ्याला त्यातून काहीच मिळत नाही. काट्याची दिशा मात्र कोन म्हणून एका नजरेत कळते. तो किती वेगानं चाललाय हे कळतं, धोक्याच्या रेषेपासून किती लांब आहे तेही कळतं. वैमानिकही जुन्या वेगदर्शकाकडे बघून दरवेळी आकडा वाचत नसे. काटा 'त्या जागी' आहे ना, एवढंच बघे. पहिल्या पिढीच्या जेट विमानांत उड्डाणाचे महत्त्वाचे वेग लक्षात ठेवायला तबकडीच्या कडेला प्लॅस्टिकच्या छोट्या खुणा हातानं सरकवून ठेवत. काटा खुणेला टेकला की कृती करायची. वाचायचं काही नाही.

---

इथपर्यंत वाचून वाटेल की मी जुन्याच्या बाजूनं बोलते आहे. तसं नाही. काट्यांचं गोडवं गाणाऱ्यांनी 1 जानेवारी 1978 ची रात्र लक्षात ठेवावी.

त्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 मुंबईहून दुबईला निघालं. विमानात 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी होते. किनारा ओलांडल्यावर ते ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण सरळ झालं नाही. ते विमान अजून उजवीकडेच कललेलं आहे असं सांगत राहिलं.

हे उपकरण म्हणजे कृत्रिम क्षितिज. वरचा अर्धा भाग आकाश, खालचा जमीन, मध्ये रेघ. छोट्या विमानांत त्याच्या पोटातच वेगानं फिरणारी भिंगरी असते. फिरणारी भिंगरी आपली दिशा सोडत नाही, म्हणून विमान कललं तरी रेघ खऱ्या क्षितिजाला धरून राहते. मोठ्या विमानांत भिंगरी दुसरीकडे असते आणि तिच्या संदेशावर समोरचा गोल फिरतो. दिवसा, स्वच्छ हवेत, हे उपकरण बंद पडलं तरी खिडकीबाहेर खरं क्षितिज असतं. रात्री अरबी समुद्रावर खाली काळं आणि वरही काळं. आणि माणसाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी बिनदिक्कत खोटं सांगते. हळूहळू आलेला कल तिला जाणवतच नाही.

कॅप्टन कुकर यांनी उपकरणावर विश्वास ठेवून उजवीकडचा कल काढायला विमान डावीकडे झुकवलं. तो कल नव्हताच. आपलं उपकरण बिघडल्याचं ते बोललेही, पण सहवैमानिकाच्या उत्तरातून असा अर्थ निघाला की त्यांच्याही समोर तसंच दिसतंय. प्रत्यक्षात सहवैमानिकाचं उपकरण बहुधा खरं सांगत होतं. दोघांच्या मधोमध तिसरं, राखीव उपकरण होतं. शेवटच्या काही सेकंदांत फ्लाइट इंजिनीअर फारिया 'त्याच्यावर जाऊ नका' या अर्थाचं काही सांगत असल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. तोवर विमान काटकोनापलीकडे, 108 अंशांपर्यंत कललं होतं. धावपट्टी सोडल्यापासून 101 सेकंदांत ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 पैकी कुणीही वाचलं नाही.

तीन साक्षीदार होते. त्यांतला एक खोटं सांगत होता, आणि बोलताना त्याचा चेहरा बाकीच्या दोघांसारखाच होता. जुन्या उपकरणाचा सर्वांत मोठा दोष हाच. त्यांतल्या अनेकांवर बिघाड दाखवणारी छोटी लाल पट्टी असे, पण प्रत्येक बिघाड तिला कळत नसे. अडकलेला काटा आणि स्थिर काटा दिसायला एकच.

काटे वाचायलाही नेहमी सोपे नव्हते. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये अमेरिकेत वैमानिकांच्या, उपकरणं वाचण्यातल्या 270 चुका गोळा करून तपासल्या. त्यांत अनेक काट्यांची उपकरणं चुकीची वाचल्याची उदाहरणं ठळक होती. तेव्हाच्या उंचीमापकात तीन काटे असत: शेकड्यांचा, हजारांचा, दहा हजारांचा. घाईत हजार फुटांचा घोळ सहज व्हायचा. 'वैमानिकाची चूक' म्हणून ज्यावर शिक्का बसतो ती पुष्कळदा तबकडी आखणाऱ्याची चूक असते, हा विचार तिथून पुढे रुजला. माझी नोकरी त्याच विचाराच्या पोटी जन्मली आहे.

---

मग पडदे आले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग 767 आणि एअरबस ए310, आणि 1988 मध्ये ए320. जुन्या 747 च्या कॉकपिटमध्ये दिवे, तबकड्या आणि बटणं मिळून 971 होती. पडदे आल्यावर 747-400 मध्ये ती 365 वर आली. फ्लाइट इंजिनीअरची खुर्चीच गेली. इंजिनावर डोळा ठेवायचं त्याचं काम संगणकाकडे गेलं.

इथे मला नेहमी पप्पा आठवतात. फ्लाइट इंजिनीअर म्हणजे विमानातला पॅनेल ऑपरेटर. 1978 च्या त्या कॉकपिटमध्ये, निदान ध्वनिमुद्रणावरून तरी, योग्य काट्याकडे बोट दाखवणारा माणूस तोच होता.

ए320 आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सनं 1989 मध्ये आणलं. 14 फेब्रुवारी 1990 ला त्यांतलंच एक मुंबईहून बंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर पडलं. 146 पैकी 92 माणसं गेली. यंत्रात बिघाड नव्हता. उतरताना विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं अगदी मंद चालत राहिली, वेग कमी होत गेला, आणि हे लक्षात यायला उशीर झाला. कोणता मोड चालू आहे हे पडद्याच्या माथ्यावर छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. जुन्या विमानात ऑटोथ्रॉटल चालू असला की थ्रॉटलचे दांडे स्वतः हलत, हाताला कळत. ए320 मध्ये ते जागचे हलत नाहीत. म्हणजे माहिती होती, पण ती 'दिसणारी' नव्हती, 'वाचायची' होती. काटा आणि आकडा यांच्यातलाच फरक, फक्त इथे आकड्याच्या जागी अक्षरं होती.

याच्याही पुढचा प्रसंग एअर फ्रान्सच्या ए330 चा. 1 जून 2009 ला रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले. तिन्ही वेगांचा मेळ बसेना. संगणकानं प्रामाणिकपणे हात वर केले आणि ऑटोपायलट सुटला. पुढच्या साडेचार मिनिटांच्या आत 228 माणसांसह विमान समुद्रात गेलं. त्यातला एक तपशील मी आमच्या टीममधल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगते. विमानाचं नाक फार वर गेलं की 'स्टॉल'चा इशारा वाजतो. पण त्या विमानात मोजलेला वेग 60 नॉटच्या खाली गेला की संगणक कोनाचं मोजमाप अवैध धरत असे आणि इशारा बंद होई. म्हणजे परिस्थिती सर्वांत वाईट झाली तेव्हा शांतता पसरली. वैमानिकानं योग्य तेच केलं, नाक जरा खाली घेतलं, की वेग वाढून माप पुन्हा वैध होई आणि इशारा पुन्हा वाजू लागे. जणू यंत्र सांगत होतं, हे करू नकोस.

ज्या इंजिनीअरनं तो नियम लिहिला त्याचं काही चुकलं का? खात्री नसलेली माहिती दाखवू नये, हे तर आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. 1978 चं उपकरण नेमकं त्याच कसोटीवर नापास झालं होतं. कागदावर हा नियम मलाही बरोबरच वाटला असता. वाचताना घसा कोरडा पडतो तो यामुळेच.

---

आमच्या कामाचे नियम कडक आहेत. मुख्य पडद्याच्या सॉफ्टवेअरला सर्वांत वरची पातळी लावतात. कोडची प्रत्येक ओळ कुठल्या गरजेतून आली हे दाखवावं लागतं. प्रत्येक अटीचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे निकाल बदलतो, हे चाचणीनं सिद्ध करावं लागतं. एका छोट्या काट्यामागे कागदांचा ढीग असतो. आणि मुळाशी एक साधा विचार असतो: काही न दिसणं वाईट, पण चुकीचं दिसणं त्याहून वाईट. म्हणून माहिती अवैध झाली की काटा गोठवायचा नाही. तो पुसून टाकायचा आणि तिथे लाल खूण काढायची. दोन वैमानिकांच्या पडद्यांवरचे कल जुळेनासे झाले तर दोघांनाही पिवळ्या अक्षरांत 'तपासा' असं सांगायचं. 1978 ला कॉकपिटमध्ये जो प्रश्न एकमेकांना नीट विचारता आला नाही, तो आता यंत्र स्वतःहून विचारतं.

पडद्यांनी काट्यांकडून उसनंही पुष्कळ घेतलं. इंजिनाची गती आजही पडद्यावर अर्धवर्तुळात काटा काढूनच दाखवतात, शेजारी आकडा असतो तो नेमकेपणासाठी. वेग उभ्या सरकत्या पट्टीवर आला तेव्हा काट्याची चाल हरवली, म्हणून पट्टीशेजारी एक बाण आला. एअरबसमध्ये तो बाण दहा सेकंदांनी वेग किती असेल ते दाखवतो. आधी काढून टाकलेला काट्याचा गुण, नंतर वीस पानांची गरजपत्रिका लिहून परत आणलेला.

आणि पडदे आले म्हणून सगळं आपोआप सुरक्षित झालं, असंही नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीनं 2010 मध्ये लहान विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. काटेवालं विमान शिकलेला माणूस दुसऱ्या काटेवाल्या विमानात बसला की बराचसा तयार असे. पडद्यांचं तसं नसतं. प्रत्येक कंपनीचा पडदा वेगळा बिघडतो, आणि तो कसा बिघडतो हे वेगळं शिकावं लागतं.

जालन्यात मी विमानाचं काम करते म्हटलं की मोठी माणसं दुसऱ्याच अपघाताची आठवण काढतात. 26 एप्रिल 1993 ला औरंगाबादच्या चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं. 118 पैकी 55 जण दगावले. विमान जमिनीवरून उचलायला उशीर झाला आणि रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष. कॉकपिटमध्ये काटे असते काय नि पडदे असते काय, कापसाचा ट्रक कशावरच दिसला नसता. माझ्या व्यवसायाची हद्द कुठे संपते हे लक्षात ठेवायला हा अपघात मला उपयोगी पडतो.

---

गेल्या दिवाळीत पप्पांनी विचारलं, "मग आमचं हे सगळं शिकलेलं कचऱ्यात का?" रागानं नाही, पगारवाढीबद्दल विचारावं तसं. मिलमध्ये नवीन मुलं आली आहेत, डिप्लोमावाली. पडद्यावर त्यांचा हात भराभर चालतो. पप्पांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पण आधीच सोडावं का, असं ते आईशी बोलत होते.

समजूत घालायला मी 'नाही हो पप्पा' म्हणू शकले असते. पण ते खरं उत्तर झालं नसतं. नव्या यंत्रणेनं एका रात्री गिअरबॉक्सचं बेअरिंग तापत असल्याचं पकडलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या बेअरिंगवर कुठलाच काटा नव्हता, आणि चाळीस ठिकाणचं तापमान एकाच वेळी बघणं एका माणसाच्या नजरेला शक्यही नाही. ते यंत्रानंच करावं. पण थंड बिलेट कळायला पप्पांना सेकंदही लागत नसे, आणि नव्या पडद्यावर ते वेळेत कळत नाही, हेही तितकंच खरं आहे. याचा अर्थ त्यांचं ज्ञान जुनं झालं असा नाही. पडदा आखणाऱ्यानं ते विचारलंच नाही, असा आहे.

मी त्यांना विचारलं, काटा नेमका कसा चालतो तेव्हा तुम्ही माल थांबवता? ते सांगत गेले, मी वहीत उतरवत गेले. किती वर, किती वेळ, उतरताना कसा. दोन तास गेले. शेवटी त्यातून निघालं ते साधंच होतं: मुख्य पडद्यावर आकड्याशेजारी लोडचा मागच्या वीस सेकंदांचा आलेख हवा, आणि गरम मालाची नेहमीची उंची दाखवणारी एक आडवी रेघ. तसा आलेख त्या यंत्रणेत आधीपासून होता, तीन क्लिकच्या आत, जिथे शिफ्टमध्ये कुणी जात नाही.

पप्पांनी तो कागद मिलच्या इंजिनीअरना दिला. त्यांनी आलेख पुढे आणला, रेघ मात्र अजून नाही. एक जुना ॲमीटरही स्टोअरमधून काढून पॅनेलच्या कोपऱ्यात परत बसवलाय. पप्पा अजून कामावर जातात. डिप्लोमावाल्या एका मुलाला ते काट्याकडे न बघता काटा बघायला शिकवतायत. तो मुलगा त्यांना बेअरिंगच्या तापमानाचं पान कसं उघडायचं ते शिकवतो.

मी पुण्यात परत आल्यावर आमच्या रिव्ह्यूच्या यादीत एक प्रश्न घालून घेतला. प्रत्येक काट्याला, प्रत्येक आकड्याला आता तो विचारला जातो: हे चुकीचं असेल तेव्हा समोरच्या माणसाला कशावरून कळेल, आणि कळल्यावर तो काय करेल? पहिल्या अर्ध्याचं उत्तर आमच्याकडे बहुतेक वेळा तयार असतं. दुसऱ्या अर्ध्यासाठी वैमानिकाला फोन करावा लागतो.